छोट्या कॅमेऱ्यावरचा व्लॉग : सोबतचे साहित्य कसे निवडावे

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची खरी ताकद त्याच्या आकारात असते. तो खिशात मावतो, भर बाजारात बाहेर काढला तरी लोक वळून पाहत नाहीत आणि बराच वेळ हातात धरला तरी मनगट भरून येत नाही. सोनीचा २०२० सालचा झेडव्ही-१ बॅटरी आणि कार्डासकट २९४ ग्रॅम भरतो, कॅननचा २०१९ सालचा जी७ एक्स मार्क ३ त्याच्यापेक्षा १० ग्रॅम जड आहे, तर डीजेआयचा २०२३ सालचा ऑस्मो पॉकेट ३ अवघ्या १७९ ग्रॅमचा आहे. तिघांतही साधारण एक इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर आहे. तो बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातल्या सेन्सरपेक्षा मोठा असल्यामुळे मंद उजेडातही चित्र टिकून राहते. असा कॅमेरा घेतल्यावर माइक, स्टँड, दिवा, पिंजरा, फिल्टर अशी खरेदी सुरू होते. काही महिन्यांत मूळचा खिशातला कॅमेरा किलोभर वजनाचा सांगाडा होऊन बसतो, आणि मग तो घरीच राहतो. म्हणून जोडीला घ्यायच्या प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावावी: तिच्यामुळे चित्रफितीत जो फरक पडतो, तो तिच्या वजनाच्या आणि ती जोडण्यात जाणाऱ्या वेळाच्या मोलाचा आहे का?

काहीही विकत घेण्याआधी कॅमेऱ्याचे अंग नीट न्याहाळावे. बाहेरच्या माइकसाठी ३.५ मिलिमीटरचे छिद्र आहे का, वस्तू सरकवून बसवण्याची खाच म्हणजे शू आहे का, पडदा कोणत्या दिशेला उलटतो आणि बॅटरीचे झाकण कुठे उघडते, या चार गोष्टींवर पुढची बरीचशी खरेदी ठरते. झेडव्ही-१ मध्ये छिद्रही आहे आणि डोक्यावर शूही आहे. त्याचा पडदा बाजूला उघडतो, त्यामुळे वर माइक बसवला तरी स्वतःचा चेहरा पडद्यावर दिसत राहतो. जी७ एक्स मार्क ३ मध्ये माइकचे छिद्र आहे, पण शू नाही, आणि पडदा वरच्या दिशेने उलटतो. तिथे माइक डोक्यावर आणायचा म्हटले तर तो नेमका पडद्यासमोर येतो. अशा कॅमेऱ्याला खालून बसणारी आणि बाजूला शू देणारी एल आकाराची पट्टी लागते. ही पट्टी स्वस्त असते, पण ती लागणार हे आधी माहीत नसेल तर घेतलेला माइक लटकत ठेवावा लागतो.

बॅटरीच्या झाकणाकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. छोट्या कॅमेऱ्यांत ट्रायपॉडच्या स्क्रूचे भोक आणि बॅटरीचे झाकण तळाशी शेजारीशेजारी असतात, आणि झेडव्ही-१ मध्ये कार्डही त्याच झाकणाआड आहे. ट्रायपॉडची चकती जरा मोठी असली की झाकण उघडत नाही. दर पाऊण तासाने बॅटरी बदलताना चकती सोडायची, बॅटरी घालायची, पुन्हा चकती आवळायची हा खेळ कंटाळवाणा होतो, आणि घाईत स्क्रू तिरका बसून भोकाचे आटे खराब होण्याचीही भीती असते. चकती घेताना ती कॅमेऱ्याच्या तळाला लावून, झाकण उघडून पाहावे. स्क्रूचे माप मात्र जगभर सारखेच आहे: पाव इंच व्यास आणि इंचाला २० आटे. मोठ्या ट्रायपॉडवर ३/८ इंचाचा स्क्रूही दिसतो. त्यासाठी लागणारी छोटी पितळी बुशिंग बॅगेत टाकून ठेवलेली बरी.

यानंतर पहिली खरेदी आवाजाची. पाहणारा माणूस किंचित हललेले किंवा थोडे अंधारलेले चित्र चालवून घेतो. बोलणे कळत नसेल तर मात्र तो अर्ध्या मिनिटात दुसरीकडे वळतो. आवाजात सगळा भरवसा माइक आणि तोंड यांच्यातल्या अंतरावर असतो. मोकळ्या जागेत हे अंतर दुप्पट झाले की पोहोचणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. हात लांब करून धरलेला कॅमेरा तोंडापासून ६० ते ७० सेंटिमीटरवर असतो. छातीवर लावलेला कॉलर माइक १५ ते २० सेंटिमीटरवर असतो. अंतर साधारण चौथ्या हिश्शावर आल्यामुळे बोलण्याची पातळी सुमारे १२ डेसिबलने वाढते, आणि आजूबाजूचा रस्त्याचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. कॅमेऱ्यावर बसवलेला कितीही महागडा माइक हे अंतर भरून काढू शकत नाही. त्यामुळे ज्याला चालता चालता किंवा कॅमेऱ्यापासून दूर उभे राहून बोलायचे आहे, त्याने पहिल्यांदा बिनतारी कॉलर माइकच घ्यावा.

रोडने २०१९ मध्ये वायरलेस गो बाजारात आणल्यापासून बिनतारी माइक खिशाएवढे झाले. पुढे अनेक कंपन्यांनी तसेच संच काढले. त्यांत एक किंवा दोन ट्रान्समीटर असतात, ते कपड्याला चिमटतात, आणि एक रिसीव्हर असतो, तो कॅमेऱ्याच्या शूमध्ये बसतो. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ट्रान्समीटर स्वतःतही रेकॉर्डिंग ठेवतो का. हे संच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि माणसाचे शरीर त्या लहरी शोषते. बोलणाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली किंवा मध्ये गर्दी आली की आवाज तुटतो. ट्रान्समीटरमध्ये साठवलेली प्रत अशा वेळी कामाला येते. दुसरी गोष्ट सेफ्टी ट्रॅकची. मूळ आवाजाबरोबरच मुद्दाम कमी पातळीवर ठेवलेली दुसरी प्रत असेल, तर अचानक कोणी ओरडले तरी ती फाटत नाही. तिसरी गोष्ट जोडणीची. पॉकेट ३ ला डीजेआय माइक २ चा ट्रान्समीटर थेट जोडता येतो, रिसीव्हरच लागत नाही. ज्याच्याकडे हा कॅमेरा आहे, त्याने दुसऱ्या कंपनीचा संच घेऊन एक जास्तीची डबी आणि एक जास्तीची तार वागवण्यात अर्थ नाही.

तारेवरून होणारा घोटाळा फार सामान्य आहे. ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर दोन काळी वलये असतील तर ती कॅमेऱ्याची, तीन असतील तर फोनची. फोनसाठीचा कॉलर माइक कॅमेऱ्यात घातला की एकतर आवाज येत नाही किंवा दुरून आल्यासारखा येतो, आणि दोष माइकला दिला जातो. दुकानात पिनेवरची वलये मोजायला काही क्षण पुरतात. ज्याच्याकडे आधीच फोनचा माइक आहे त्याला बदलपिन मिळते.

कॅमेऱ्यावर बसणारा छोटा शॉटगन माइकही निरुपयोगी नाही. रोडचा व्हिडिओमायक्रो ४२ ग्रॅमचा आहे, त्याला वेगळी बॅटरी लागत नाही, कॅमेऱ्याच्या छिद्रातूनच वीज मिळते. हातात कॅमेरा धरून स्वतःशी बोलणाऱ्याला, बाजारातल्या भाजीवालीशी दोन शब्द बोलणाऱ्याला, ज्याला प्रत्येकाच्या कपड्याला माइक लावता येत नाही त्याला तो सोयीचा. झेडव्ही-१ मधला अंगचा माइकही बऱ्यापैकी आहे. त्यासोबत मिळणारी केसाळ टोपी शूमध्येच बसते, म्हणजे ती लावली की दुसरा माइक वर बसवता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

ही केसाळ टोपी, जिला डेडकॅट म्हणतात, ती चैनीची वस्तू नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर किंवा राजगडाच्या बालेकिल्ल्यावर माइकवर आदळणारा वारा सगळे बोलणे गिळून टाकतो, आणि हा घरघराट नंतर संगणकावर पुरता काढता येत नाही. स्पंजाची टोपी घरातल्या पंख्यापुरती ठीक. उघड्या वाऱ्यात केसाळ टोपीच हवी. कॉलर माइकलाही तिची छोटी आवृत्ती मिळते. ती सहज हरवते, म्हणून दोन जास्तीच्या घ्याव्यात. माइक कुठे लावावा हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रेनकोटच्या प्लास्टिकवर तो सतत खरखरतो. साडीच्या पदरावर लावला तर पदर हलला की आवाज येतो, त्यापेक्षा ब्लाउजच्या काठावर, मधोमध लावावा. मंगळसूत्र किंवा गळ्यातली साखळी माइकवर आपटत नाही ना, हे कानाने तपासावे.

मोठ्या आवाजाचा प्रश्न वेगळाच असतो. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकापासून काही पावलांवर उभे राहिले की साध्या पातळीवर ठेवलेला माइक पूर्ण फाटलेला आवाज पकडतो. तिथे आवाजाची पातळी कॅमेऱ्यात हाताने ठरवता यायला हवी, आणि माइकवर १० किंवा २० डेसिबलने आवाज उतरवण्याची सोय असली तर उत्तम. साध्या बोलण्यासाठी पडद्यावरची पट्टी मोठ्या शब्दांना उणे १२ डेसिबलच्या आसपास पोहोचावी. छोट्या कॅमेऱ्यातला आवाज वाढवणारा भाग फारसा चांगला नसतो, त्यामुळे कॅमेऱ्याची पातळी खाली आणि रिसीव्हरची वर ठेवली की मागची सूं सूं कमी होते. अनेक कॉम्पॅक्टना हेडफोनचे छिद्रच नसते. झेडव्ही-१ लाही नाही. अशा वेळी हेडफोन लागणारा रिसीव्हर घ्यावा. तो नसेल तर प्रत्येक ठिकाणी दहा सेकंदांचे रेकॉर्डिंग करून ते ऐकावे आणि मगच पुढे जावे.

आवाजानंतर बॅटरी आणि कार्ड. या दोन गोष्टींत चित्रीकरण थांबवण्याची ताकद आहे, त्यामुळे त्यांत काटकसर करू नये. झेडव्ही-१ ची एनपी-बीएक्स१ बॅटरी १२४० मिलिअँपिअर तासांची आहे. मध्येमध्ये थांबत, पडदा उघडा ठेवत चित्रण केले तर ती सुमारे पाऊण तास चालते. दिवसभराच्या फिरतीला एकूण तीन बॅटऱ्या आणि दोन बॅटऱ्या एकदम चार्ज करणारा चार्जर हा संच पुरतो. दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या स्वस्त मिळतात. त्या घेताना त्यांवर बीआयएसची नोंदणीखूण आणि क्रमांक आहे का ते पाहावे. भारतात लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक या दोन्हींना ही नोंदणी सक्तीची आहे. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात घालू नये. ती आत अडकली की बाहेर काढणे दुरुस्तीवाल्याचेच काम होते.

पॉवर बँक हा दुसरा मार्ग. घरात एका जागी ठेवून स्वयंपाकाचे किंवा शिकवणीचे व्हिडिओ करणाऱ्यांना तो सर्वांत सोपा, कारण बहुतेक नवे कॉम्पॅक्ट यूएसबीवरून वीज घेत चालू राहतात. तार कोणती लागते ते आधी पाहावे. झेडव्ही-१ ला जुनी मायक्रो यूएसबी, झेडव्ही-१ मार्क २ आणि पॉकेट ३ ला टाइप-सी. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, आणि १०० वॉट-तासांच्या वर गेले की विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० मिलिअँपिअर तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे मर्यादेत बसते. सुट्या बॅटऱ्यांच्या धातूच्या पट्ट्या नाण्यांना किंवा किल्ल्यांना टेकू नयेत यासाठी प्लास्टिकच्या डब्या मिळतात, त्या वापराव्यात.

कार्डाचा हिशेब साधा आहे. फोर-के चित्रणात झेडव्ही-१ सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट लिहितो. तासाला ४५ गिगाबाइट झाले. ६४ जीबीच्या कार्डावर सुमारे ८५ मिनिटे मावतात. कार्डावर व्ही३० लिहिलेले असेल तर ते सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देते, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. त्याहून वेगवान आणि दुप्पट-तिप्पट किमतीच्या यूएचएस-२ कार्डांचा अशा कॅमेऱ्यांना उपयोग नसतो. वेष्टनावर ठळक छापलेला १५०, २०० हा आकडा बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. २५६ जीबीच्या एका कार्डापेक्षा १२८ ची दोन कार्डे बरी. एक खराब झाले तरी निम्मा दिवस हाताशी राहतो. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. त्यांवर छापलेली क्षमता खोटी असते, आणि भरल्यावर जुनी फाइल पुसत जाते. नवे कार्ड संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ यांसारख्या मोफत प्रणालीने पूर्ण भरून, परत वाचून तपासावे आणि मगच प्रवासाला न्यावे.

हातात धरण्याच्या मुठीकडे, म्हणजे ग्रिपकडे, बहुतेक लोक पकडीची सोय म्हणून पाहतात. तिचा मोठा उपयोग चौकटीत आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २४ मिलिमीटरची लेन्स अंतराच्या दीडपट रुंदी दाखवते. चेहरा ६० सेंटिमीटरवर असेल तर चौकट ९० सेंटिमीटर रुंद असते आणि उंची जेमतेम अर्धा मीटर. चेहरा, खांदे, आणि मागे किल्ला आहे की भिंत हे कळायला जागाच उरत नाही. त्यात स्थिरीकरण चालू केले की कॅमेरा कडा कापतो आणि चौकट आणखी आवळते. ग्रिपमुळे कॅमेरा १५ सेंटिमीटर पुढे गेला की रुंदी सुमारे ११२ सेंटिमीटर होते. २० मिलिमीटरच्या लेन्सला, जशी झेडव्ही-१एफ आणि पॉकेट ३ यांना आहे, हाताच्या अंतरावरच एक मीटरहून जास्त रुंदी मिळते. १८ मिलिमीटरपासून सुरू होणाऱ्या झेडव्ही-१ मार्क २ ला १२० सेंटिमीटर. म्हणजे जुन्या झेडव्ही-१ आणि जी७ एक्ससाठी लांब ग्रिप जवळजवळ आवश्यक आहे, आणि बाकीच्यांसाठी आखूड मूठही पुरते.

सोनीची जीपी-व्हीपीटी२बीटी ही ब्लूटूथ मूठ पाय उघडून टेबलावर उभी राहते, तिच्यावरच रेकॉर्डिंग आणि झूमची बटणे आहेत, आणि वजन २१५ ग्रॅम. कॅमेऱ्यासह ५०० ग्रॅमच्या वर झाले, त्यात ३२ ग्रॅमचा रिसीव्हर धरला तर साडेपाचशेच्या आसपास. दहा मिनिटे हात लांब करून धरायला हे वजन कमी नाही. विकत घेण्याआधी दुकानात तेवढ्याच वजनाची पाण्याची बाटली हात पूर्ण लांब करून पाच मिनिटे धरून पाहावी. तिथेच निर्णय होतो. जॉबीचा गोरिलापॉड झाडाच्या फांदीला, एसटीच्या खिडकीच्या गजाला, गडावरच्या बुरुजाच्या कठड्याला गुंडाळता येतो, हे त्याचे खास काम. त्याचे १के हे मॉडेल एक किलोपर्यंत वजन पेलते आणि छोट्या कॅमेऱ्याला तेवढे पुरते. ३के घेतला तर नुसतेच वजन वाढते. पॉकेट ३ च्या अंगाला स्क्रूचे भोक नाही, ते सोबत मिळणाऱ्या खालच्या तुकड्यात आहे. तो तुकडा घरी ठेवून ट्रायपॉड नेला तर ट्रायपॉडचा उपयोग नाही.

पूर्ण उंचीचा ट्रायपॉड फक्त एका जागी बसून काम करणाऱ्याने घ्यावा. अजिंठा, वेरूळ आणि पुरातत्त्व खात्याच्या इतर स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. तिथे हात शरीराला चिकटवून, भिंतीपासून दूर उभे राहून केलेले चित्रणच शक्य असते, आणि ते चांगलेही होते.

गिंबलबद्दल, म्हणजे मोटरांच्या साहाय्याने कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्याबद्दल, अनेकांचा आग्रह असतो. छोट्या कॅमेऱ्यावर वेगळा गिंबल लावणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. बाजूला उघडणारा पडदा गिंबलच्या मोटरला अडतो, झूम केल्यावर लेन्स बाहेर येऊन तोल बिघडतो, माइक लावला की पुन्हा तोल साधावा लागतो. ज्याला चालताना सतत चित्रण करायचे आहे, त्याने गिंबल आतच असलेला पॉकेट ३ सारखा कॅमेरा घेणे स्वस्तही पडते आणि सुटसुटीतही. बाकीच्यांनी गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवत हळू चालावे. कॅमेऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणाची एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी: संध्याकाळी शटर मंद झाले की प्रत्येक चौकट आतूनच पुसट होते, आणि ती पुसटता कोणतेही स्थिरीकरण काढत नाही.

शटरचा विषय निघालाच आहे तर फिल्टरचाही घ्यावा. सेकंदाला २५ चौकटी असतील तर शटर १/५० ठेवल्यावर हालचाल डोळ्याला सहज वाटते. भारतातली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांचा लुकलुकाटही १/५० किंवा १/१०० वर दिसत नाही. म्हणून इथे पाल म्हणजे २५ किंवा ५० चौकटींची मांडणी ठेवावी. सोनीच्या कॅमेऱ्यात ही मांडणी बदलली की कार्ड फॉरमॅट करावे लागते, म्हणून हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. पण भर दुपारच्या उन्हात १/५० ठेवले की चित्र पांढरेफटक होते. एनडी फिल्टर म्हणजे काळी काच. ती प्रकाश कमी करते. झेडव्ही-१ आणि जी७ एक्स मार्क ३ मध्ये ती आतच आहे आणि प्रकाश आठव्या हिश्शावर आणते. कोकणातल्या किनाऱ्यावर मे महिन्यात तेवढीही पुरत नाही, पण लेन्सचे छिद्र थोडे लहान केले की काम भागते. बाहेरून चिकटवायचे फिल्टर घेण्याआधी हा आतला फिल्टर चालू करून पाहावा. अनेकांना तो मेनूत आहे हेच माहीत नसते. पॉकेट ३ मध्ये तो आत नाही. त्याला चुंबकाने चिकटणारे फिल्टर मिळतात, आणि उन्हात काम करणाऱ्याला निदान एक लागतोच.

दिव्याची गरज बहुतेकांना वाटते त्याहून कमी असते. दिवसा खिडकीकडे तोंड करून बसले तर चेहऱ्यावर पडणारा उजेड तळहाताएवढ्या एलईडीपेक्षा सुंदर असतो. रात्री बोलायचे असेल तर घ्यावा, पण सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, ९५ च्या वर असलेला. स्वस्त दिव्यात सावळी कातडी राखाडी किंवा हिरवट दिसते, आणि ती नंतर सुधारता येत नाही. रंगतापमान बदलता येणारा दिवा घरातल्या पिवळ्या बल्बशी जुळवता येतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावलेला दिवा चष्म्यात चमकतो आणि चेहरा सपाट करतो, त्यामुळे तो बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर, आणि पांढऱ्या पातळ कापडाआडून ठेवावा. स्वयंपाकघरात वाफ आणि तेलाचे थेंब उडतात, तिथे दिवा ओट्यापासून दूरच असावा.

पिंजरा, काळ्या पट्ट्यांची चौकट, बाहेरचा मॉनिटर यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कॅमेऱ्याला शू नसेल तर आधी सांगितलेली एल पट्टी घ्यावी. बाकी सगळे मोठ्या कॅमेऱ्यांचे साहित्य आहे, छोट्या कॅमेऱ्याला ते ओझे होते.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला मात्र एका गोष्टीवर नीट खर्च करावा लागतो, ती म्हणजे ओलावा. वर सांगितलेल्यांपैकी एकही कॅमेरा पावसासाठी बंदिस्त केलेला नाही. सह्याद्रीत जुलैत कॅमेरा काढायचा असेल तर छत्री धरणारा सोबती हवा, नाहीतर लेन्सचे तोंड तेवढे उघडे ठेवणारे प्लास्टिकचे आवरण. कॉम्पॅक्टची लेन्स आतबाहेर सरकते, तिच्या सांध्यांतून पाणी आणि किनाऱ्यावरची बारीक वाळू आत शिरते. वाळूने अडकलेली लेन्स उघडून दुरुस्त करण्याचा खर्च बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो. त्यामुळे गुहागरला किंवा तारकर्लीला वाळूत बसून लेन्स उघडू नये, ती चालू-बंदही करू नये.

एसी गाडीतून दमट हवेत उतरले की काच धुक्याने भरते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या उष्णतेला येऊ द्यावा, पंधरा-वीस मिनिटांत धुके जाते. ते कापडाने पुसण्याचा उपयोग होत नाही, ते पुन्हा येते. घरी ठेवताना घट्ट झाकणाचा डबा आणि रंग बदलणारे सिलिका जेल हे पुरते. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येते. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवावी आणि ती दाखवणारे छोटे यंत्र आतच टाकावे. ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्सच्या आत बुरशीचे जाळे चढते, आणि मुंबई-कोकणात हे पावसाळ्यात फार लवकर होते. रबरी फुंकणी, मऊ मायक्रोफायबर कापड आणि लेन्स पेन या तीन वस्तू कायम बॅगेत असाव्यात. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मगच कापड लावावे. शर्टाच्या टोकाने पुसण्याने बारीक कण काचेवर घासले जातात.

दिवस संपल्यावर कार्ड वाचणारा छोटा रीडर फोनला किंवा लॅपटॉपला लावून प्रत काढावी, आणि ती दोन ठिकाणी पोहोचेपर्यंत मूळ कार्ड पुसू नये. त्यासाठी टाइप-सीचा रीडर घ्यावा, तो दोन्हींना चालतो.

कोणी काय आधी घ्यावे हे कामावर ठरते. गडकिल्ल्यांवर फिरणाऱ्याने केसाळ टोप्यांसह बिनतारी माइक, तीन बॅटऱ्या आणि पावसाचे आवरण घ्यावे. ग्रिप घ्यायचा तर सर्वांत हलका. स्वयंपाकघरातून बोलणाऱ्या गृहिणीला पॉवर बँक, ओट्यावर मागे उभा राहील असा ट्रायपॉड आणि कॉलर माइक पुरतो. खिडकी असेल तर दिवा नको. उत्सव आणि मिरवणुका टिपणाऱ्याने आवाज उतरवता येणारा माइक आणि जास्तीचे कार्ड यांवर पैसे घालावेत, गर्दीत लांब ग्रिप कोणाच्या तरी डोक्याला लागतो. परगावी किंवा परदेशी जाणाऱ्याने पिना, तारा आणि चार्जर यांची एक वेगळी छोटी पिशवी करून ती कॅमेऱ्याच्याच बॅगेत ठेवावी. मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी घासाघीस करताना कॅमेरा सोबत न्यावा, वस्तू तिथेच जोडून, पडदा उघडून, झाकण उघडून आणि दहा सेकंदांचे रेकॉर्डिंग ऐकून पाहावे, आणि पावती पक्की घ्यावी. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची हीच परीक्षा परत करण्याची मुदत संपण्याआधी घरी करावी.